नदी मोजायची कुणी? फराक्का, ऱ्हाईन आणि मोजणाऱ्यांची पंचाईत

मेसमध्ये टीव्हीवर पाण्याच्या भांडणाची बातमी लागली की आपल्याकडे दोन पक्ष लगेच पडतात. कुणी म्हणतं "त्यांना थेंब देऊ नका", कुणी म्हणतं "वरच्यांनीच सगळं अडवलंय". थेंब किती आहेत, ते मोजले कुणी आणि कशाने, हे मात्र कुणीच विचारत नाही. सिव्हिलवाले सुद्धा नाही! म्हणून हा लेख. मेकॅनिकल आणि ईअँडटीसीच्या मित्रांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे डॉप्लर येणार आहे.

उदाहरण म्हणून सरळ गंगाच घेऊ. पश्चिम बंगालमध्ये फराक्का बॅरेज आहे. तिथून बांगलादेशची हद्द साधारण १८ किलोमीटरवर. १९७५ साली हे बॅरेज सुरू झालं ते गंगेचं पाणी सुमारे ३८ किलोमीटरच्या फीडर कालव्यातून भागीरथी-हुगळीत वळवण्यासाठी, म्हणजे कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून. कालव्याची क्षमता ४०,००० क्युसेक. पावसाळ्यात गंगेला याचा पत्ताही लागत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये नदी आटते तेव्हा ४०,००० हा आकडा निम्म्या नदीएवढा होतो आणि खाली पद्मेच्या काठावर बोंब होते.

१२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी ३० वर्षांच्या करारावर सह्या केल्या. १ जानेवारी ते ३१ मे या काळापुरतं वाटप, हिशेब दहा-दहा दिवसांचा. फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर अर्धं-अर्धं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५,००० च्या वर गेलं तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशला. शिवाय ११ मार्च ते १० मे या अगदी कोरड्या दिवसांत आळीपाळीने तीन-तीन दशकांत (इथे दशक म्हणजे दहा दिवस) प्रत्येकाला ३५,००० ची हमी. पाणी ५०,००० च्या खाली गेलं तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब बोलायला बसायचं.

परीक्षेत हे चार मार्कांना लिहून मोकळे व्हाल. पण इंजिनिअरच्या नजरेने परत बघा. सगळा करार एका आकड्यावर उभा आहे, तो म्हणजे फराक्क्याला आलेलं पाणी. हा आकडा कुठल्याही मीटरवर वाचता येत नाही. नळाला मीटर असतो, नदीला नसतो.

मग कसं मोजतात? तिसऱ्या वर्षी आमच्या बॅचने कॉलेजजवळच्या नदीवर हेच केलं. पद्धत पुस्तकातलीच, वेग-क्षेत्रफळ पद्धत. नदीवर आडवी दोरी बांधायची, रुंदीचे वीसेक पट्टे पाडायचे, कुठल्याही एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाणार नाही असं बघायचं. प्रत्येक पट्ट्यात खोली घ्यायची आणि करंट मीटर सोडायचा. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एक वाचन. खोल असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीवर दोन, आणि त्यांची सरासरी. मीटरच्या वाट्या सेकंदाला किती फेरे मारतात त्यावरून वेग, वेग गुणिले क्षेत्रफळ, सगळ्या पट्ट्यांची बेरीज, झाला विसर्ग. आम्ही दोन गट होतो. एकच नदी, एकच सकाळ, एकच मीटर. दोन्ही गटांचं उत्तर जुळलं नाही आणि चुकलं तर कुणाचंच नव्हतं. पट्टे वेगवेगळ्या ठिकाणी पाडले होते, एवढंच. सर म्हणाले, "पाच टक्क्यांच्या आत आहात ना? मग उत्तम." संध्याकाळपर्यंत मात्र एका होस्टेलच्या दोन विंगमध्ये वाद चालू होता. तिथे तर दोन देश आहेत!

हे पाच टक्के किती होतात ते बघा. ३५,००० च्या पाच टक्के म्हणजे १,७५० क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा दिवसांचे ८,६४,००० सेकंद धरले तर हे पाणी होतं दीड टीएमसी. पुण्याच्या मुलांना सांगतो, खडकवासल्याचा उपयुक्त साठा जेमतेम दोन टीएमसी आहे. म्हणजे उत्तम प्रतीच्या मोजणीतही दर दहा दिवसांना पाऊण खडकवासला इकडचा तिकडे होऊ शकतो आणि त्यात कुणीच लबाडी केलेली नसते.

यातली खरी गंमत (गंमत म्हणायची तर) पुढे आहे. कराराप्रमाणे संयुक्त समितीची पथकं फराक्क्याला रोज तीन ठिकाणी प्रवाह मोजतात: बॅरेजच्या खाली नदीत, फीडर कालव्यात आणि बोटींसाठीच्या नौकानयन लॉकवर. यातला कालवा माणसाने बांधलेला, त्याचा छेद ठरलेला, त्यामुळे मोजायला सोपा. नदी मात्र कोरड्या दिवसांत वाळूच्या बेटांमधून फाटत जाते, तळ रोज हलतो. म्हणजे भारताचा वाटा सोप्या जागी मोजला जातो आणि बांगलादेशचा अवघड जागी. शंका कुठल्या बाजूला जास्त साठणार हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्या मते या भांडणातला निम्मा संशय माणसांच्या स्वभावातून नाही, तर नदीच्या तळातून येतो.

आता कुणी म्हणेल, आजकाल एडीसीपी आहे की! बोटीखाली बसवलेलं हे यंत्र ध्वनिलहरी सोडतं, पाण्यातल्या गाळाच्या कणांवरून परत आलेल्या लहरींची वारंवारिता किती बदलली त्यावरून वेग काढतं. आपला डॉप्लर. दोन दिवसांचं काम तासाभरात. पण बोट स्वतः हलत असते, म्हणून यंत्र तळाकडे बघून आपला वेग ठरवतं. तळ स्थिर आहे असं ते धरून चालतं. गंगेसारख्या नदीत तळाची वाळूच प्रवाहाबरोबर पुढे सरकत असते. मग यंत्राला वाटतं आपणच उलट्या दिशेने चाललोय, आणि विसर्ग खऱ्यापेक्षा कमी येतो. उपाय आहे, बोटीचा वेग जीपीएसवरून घ्यायचा. पण नुसतं महाग यंत्र आणलं म्हणजे वाद मिटला असं होत नाही, हे लक्षात ठेवा.

रोज बोट घालणं परवडत नाही म्हणून एरवी सगळीकडे नदीची पातळी वाचतात आणि रेटिंग कर्व्हवरून विसर्ग काढतात. हा आलेखही फार विश्वासू नोकर नाही. तळ खरवडला गेला की तीच पातळी जास्त पाणी दाखवायला हवी, पण आलेख जुनाच आकडा सांगतो. पूर चढताना आणि उतरताना एकाच पातळीला दोन वेगळे विसर्ग असतात, चढताना जास्त. व्हायवामध्ये हा लूप विचारतात, पाठ करा.

मोजणीचं दुसरं ठिकाण बांगलादेशात, हार्डिंज पूल. १९१५ साली रेल्वेसाठी बांधलेला हा पूल आजही वापरात आहे. इथेही दोन्ही देशांची माणसं असतात. फराक्क्याला बांगलादेशचे इंजिनिअर आणि हार्डिंज पुलाला भारताचे, जानेवारी ते मे, रोज. मला या करारातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा असं सांगण्यापेक्षा तुमचा माणूस शेजारी उभा करा म्हणायचं. तरी फराक्क्याला सोडलेलं आणि हार्डिंजला पोचलेलं पाणी सारखं भरत नाही. मधे महानंदा येऊन मिळते, काठ पाणी पितात आणि परत देतात, शिवाय प्रवासाला वेळ लागतो, त्यामुळे आजचा आकडा आजच्या आकड्याशी ताडून उपयोग नाही. दोन ठिकाणांच्या नोंदी वेळेच्या फरकाने सरकवून मग तुलना करायची. आपल्या सबमिशनमध्ये पूर-मार्गक्रमणाचं गणित असतं ना, तेच.

इथवर सगळी चर्चा क्युसेकची. पाणी कसं आहे, याचा वाटपाच्या सूत्रात शब्द नाही. आणि खालच्या माणसाचं दुखणं नेमकं तिथेच आहे. हार्डिंज पुलाच्या थोडं खाली गडाई नावाची शाखा फुटते आणि नैर्ऋत्य बांगलादेशाला, खुलना भागाला गोडं पाणी पुरवते. कोरड्या दिवसांत पद्मेची पातळी उतरली की गडाईचं वाळूने भरलेलं तोंड उघडं पडतं. गोडं पाणी थांबलं की समुद्राचं खारं पाणी खाड्यांतून आत चढतं. विहिरी, भातशेती, सुंदरबनातली सुंदरीची झाडं, सगळ्यांना ते भोवतं. याला मोजमाप साधं आहे, पाण्याची विद्युतवाहकता. मीठ वाढलं की वाहकता वाढते, खिशात मावेल असं मीटर मिळतं. क्युसेकचा हिशेब सरासरीने जुळतो, वाहकतेचा जुळत नाही, कारण दहा दिवसांतले दोन वाईट दिवससुद्धा रोपं जाळायला पुरतात.

गुणवत्तेबाबत युरोपातली ऱ्हाईन जास्त शिकवते. तिच्या काठच्या देशांचा आयोग १९५० पासून आहे. १ नोव्हेंबर १९८६ च्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायच्या पाण्याबरोबर सुमारे ३० टन कीटकनाशकं वगैरे नदीत गेली, रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली, खाली लाखाहून जास्त ईल मासे मेले. खालच्या देशांना सूचना उशिरा पोचली, आणि राग मुख्यतः त्याचाच होता. त्यानंतर १९९३ मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून सीमेवर वाइल अम ऱ्हाईन इथे एक मापन केंद्र सुरू केलं. तिथे नदीचं पाणी सतत आत खेचून तपासतात. रासायनिक चाचणीत तुम्ही जे शोधता तेवढंच सापडतं. अनोळखी विष सापडायला जिवंत प्राणी लागतो. म्हणून अशा केंद्रांवर पाण्यातल्या पिसवा, डॅफ्निया, ठेवण्याची पद्धत आहे. त्यांचं पोहणं बिघडलं की धोक्याची घंटा! मग ऱ्हाईनच्या गणिती मॉडेलवरून विषाचा लोंढा कुठल्या शहरापाशी कधी पोचेल ते काढायचं आणि तिथल्या पाणीपुरवठ्याने तेवढा वेळ नदीतून उपसा बंद ठेवायचा.

खाली जर्मनी-नेदरलँड्स सीमेवर डाव्या काठाला बिमेन, उजव्या काठाला लोबिथ. दोन्ही काठांना केंद्रं कशाला? कारण रुंद नदीत एका बाजूने आलेलं सांडपाणी कित्येक किलोमीटर त्याच काठाला चिकटून वाहतं. एकाच काठाचा नमुना घेतलात तर अर्धी नदी तुम्ही पाहिलीच नाही.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या प्रयोगशाळेच्या जर्नलमध्ये कुणी लिहीत नाही: नुसती संहती सांगू नका, भार सांगा. लिटरला २ मिलिग्रॅम म्हटलं की काहीच वाटत नाही. पण नदीत सेकंदाला २,००० घनमीटर पाणी असेल तर तो भार सेकंदाला ४ किलो, दिवसाला सुमारे ३४५ टन होतो. संहती पावसाने पातळ होते, भार होत नाही. कुणी किती घाण पाठवली याचा हिशेब करायचा तर विसर्ग आणि गुणवत्ता एकाच जागी, एकाच वेळी मोजावी लागते. ऱ्हाईनवर मिठाचं भांडण असंच होतं. फ्रान्समधल्या अल्सासच्या पोटॅश खाणी मीठ नदीत सोडत, खाली डच बागायतदारांचं नुकसान होई. १९७६ च्या करारात मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घेतला गेला आणि त्यात सर्वात मोठा वाटा, ३४ टक्के, नेदरलँड्सने उचलला. म्हणजे ज्याचं नुकसान तोच पैसे देतो! न्याय म्हणून मला हे पटत नाही, पण मीठ कमी झालं.

मोजलेला आकडा पलीकडे पोचवणं हा वेगळा विषय. ब्रह्मपुत्रेवर तिबेटमधल्या नुगेशा, यांगकुन आणि नुशिया या तीन केंद्रांची पावसाळ्यातली माहिती चीनने भारताला द्यावी असा सामंजस्य करार २००२ मध्ये झाला. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव होता, त्या पावसाळ्यात भारताला आकडे आले नाहीत. चीनने केंद्रांच्या दुरुस्तीचं कारण दिलं. आपल्या कृष्णेवर सीमा दोन देशांची नाही, दोन राज्यांची आहे, पण प्रश्न तोच. २००५ आणि २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरची जी मुलं आपल्या होस्टेलवर आहेत त्यांच्या घरच्यांना कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून किती सोडलं, हे दोनच आकडे महत्त्वाचे होते. ते तासाने कळले की सहा तासांनी, यावर माळ्यावर काय चढवायचं ते ठरत होतं.

फराक्क्याच्या कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ ची. त्याच्या वेळापत्रकामागे १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांतली गंगेची सरासरी धरलेली आहे. गंगेच्या वरच्या अंगाला तेव्हापासून सिंचन वाढलं, हिमनद्या मागे हटल्या, पावसाचा पॅटर्न बदलला. नवीन करारासाठी कुठली चाळीस वर्षं धरायची यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंचे इंजिनिअर भांडणार, आणि ते भांडण क्युसेकच्या भांडणापेक्षा मोठं असेल. ज्यांना प्रोजेक्टचा विषय सुचत नाहीये त्यांच्यासाठी: सेंट्रल वॉटर कमिशनच्या कृष्णा खोऱ्यातल्या केंद्रांच्या जुन्या नोंदी ग्रंथालयात बघा. एकाच केंद्राचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे रेटिंग कर्व्ह एकमेकांवर ठेवून तळ किती सरकला ते काढता येतं. आलेख कागद स्टोअरमध्ये आहे.