गप्प झालेली फीड

"मॅडम, हे परिपत्रक संचालक मंडळापुढे ठेवलंत का?"

आमच्या नागरी सहकारी बँकेच्या समवर्ती लेखापरीक्षकांनी हे विचारलं, तेव्हा ते परिपत्रक मी पाहिलेलंही नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ते काढून १९ दिवस झाले होते. अनुपालनाचं काम माझ्याकडे. नवं काही आलं की बँकेत सर्वांत आधी मला कळतं, असं सगळे म्हणायचे, आणि त्याचं श्रेय माझ्या संगणकावरच्या फीड रीडरला होतं.

ज्यांनी तो वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अनेक संकेतस्थळं आपल्या नव्या मजकुराची शीर्षकं, तारखा आणि दुवे एका ठरावीक साच्याच्या फाइलमध्ये ठेवतात. ती आरएसएस फीड. ही पद्धत १९९९ पासूनची. रीडर ठरावीक वेळाने त्या फायली तपासतो आणि नवं असेल ते आपल्यापुढे मांडतो. रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचना, प्रसिद्धिपत्रकं, भाषणं यांच्या वेगवेगळ्या फीड आहेत. पूर्वी रोज सकाळी सात-आठ संकेतस्थळं उघडण्यात माझा तास जायचा, तो वाचला. आजही नव्या अधिकाऱ्याला मी रीडर वापरायला सांगते, पण आधी त्या १९ दिवसांची हकीकत सांगते.

फीड जोडायला एक टिचकी पुरते, म्हणून मी जोडतच गेले. अर्थविषयक दैनिकं, करसल्लागारांची टिपणं, तंत्रज्ञानाच्या बातम्या असं करत आकडा दीडशेवर गेला. एकच बातमी आठ ठिकाणांहून यायची. अशात कार्यालयातली फायरवॉल बदलली आणि माझा रीडर काही पत्त्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. रिझर्व्ह बँकेची अधिसूचनांची फीड त्यांतच होती. तिच्या नावापुढे बारीकशी लाल खूण उमटली होती, पण ती होती मिटलेल्या फोल्डरच्या आत. बाकीचं सगळं नेहमीसारखं येत होतं. दीडशे नळ धो धो वाहत असताना एकाचं पाणी गेलं, तर आवाजावरून ते कळत नाही. या दिवसांत अधिसूचना नाहीत, असंच मी धरून चालले. फोल्डर मिटलेला असला की बंद पडलेली फीड आणि नवं काही नसलेली फीड पडद्यावर अगदी सारख्या दिसतात, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

लेखापरीक्षकांनी विचारलं तेव्हा परिपत्रकाच्या अंमलबजावणीच्या मुदतीचे ११ दिवस उरले होते. प्रणालीत बदल करायचा होता, शाखांना सूचना पाठवायच्या होत्या. माझ्या विभागातली दोन मुलं सलग दोन रविवार कामावर आली, त्यातल्या एकाच्या घरी साखरपुडा होता. मुदत पाळली गेली, पण त्या मुलाकडे बघताना मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

आता माझ्याकडे नियामकांच्या फीड वेगळ्या फोल्डरमध्ये, सर्वांत वर, कायम उघड्या असतात आणि त्या दहाच्या वर जाऊ देत नाही. 'सर्व वाचले' हे बटण त्या फोल्डरवर दाबायचं नाही, कितीही घाई असली तरी. बातम्यांच्या शंभरेक फीड काढून टाकल्या. त्यांच्यावाचून काही अडलं नाही. रीडरही बदलला. आधीचा फक्त माझा संगणक चालू असेल तेव्हाच चालायचा. फीडमध्ये बहुधा शेवटच्या काही नोंदीच असतात. वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळांत तर मुळात १०च. दिवाळीच्या सुटीत संगणक बंद राहिला की मधल्या नोंदी फीडमधून निघून जातात आणि आपल्याला दिसतच नाहीत. म्हणून सर्व्हरवर अखंड चालणारा रीडर घ्यावा. फीडची यादी ओपीएमएल फाइल म्हणून आपल्याजवळ उतरवून ठेवावी. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ती फाइल हाताशी होती म्हणून दहा मिनिटांत मी दुसरीकडे गेले.

सर्वांत उपयोगी पडते ती मात्र एक साधी वही. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकावर आधी वर्ष आणि मग अनुक्रमांक असतो. आलेला प्रत्येक क्रमांक मी वहीत लिहिते, विषय आमच्या कामाचा असो वा नसो. मध्ये एखादा गळलेला दिसला की लगेच मूळ संकेतस्थळ उघडायचं. दर सोमवारी तर क्रमांक जुळत असले तरीही उघडायचं. परिपत्रक तिथूनच पूर्ण वाचायचं, कारण शीर्षकावरून ते कोणाला लागू आहे हे बरेचदा समजत नाही.

गेल्या महिन्यात अशीच एक फट दिसली. उघडून पाहिलं तर विषय परकीय चलनाचा निघाला, आमच्या बँकेशी काही संबंध नसलेला. ज्याच्या घरचा साखरपुडा चुकता चुकता राहिला होता, तोच आता वही सांभाळतो. त्याने तो क्रमांक लिहिला, पुढे 'आम्हास लागू नाही' अशी नोंद केली आणि सहीसाठी वही माझ्यापुढे ठेवली.