राजकीय हत्या : इतिहासाचा धडा आणि धम्माचा निकष

आपल्या फौजदारी कायद्यात ‘राजकीय हत्या’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. मारली गेलेली व्यक्ती पंतप्रधान असो वा पदपथावर झोपणारा मजूर, कायद्याच्या दृष्टीने तो खूनच. ‘राजकीय’ हे विशेषण समाज जोडतो आणि बहुधा तेथूनच गफलतीस प्रारंभ होतो. ते विशेषण लागले की मारणाऱ्याच्या हेतूची चिकित्सा सुरू होते, त्याच्या ‘त्यागा’चे गोडवे गायिले जातात आणि मेलेला माणूस मागे पडतो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्षानुवर्षे मौर्य साम्राज्याचा अस्त शिकवीत आलो आहोत. इ.स.पू. १८५ च्या सुमारास सेनापती पुष्यमित्र शुंगाने सैन्यदर्शनाच्या निमित्ताने आपला स्वामी बृहद्रथ याचा वध केला, असे बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’वरून कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या घटनेकडे केवळ एका राजाचा अंत म्हणून पाहिले नाही. बौद्ध राज्यसत्तेविरुद्धची प्रतिक्रांती म्हणून तिचे विवेचन केले. हा प्रसंग शिकविताना आमचा आवाज चढतो आणि तो चढणे स्वाभाविक आहे. परंतु मारणारा हात आपल्याच परंपरेतील असेल, तेव्हाही आम्ही तितक्याच स्पष्टपणे बोलतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मगधाची साखळी

राजा बिंबिसार हा तथागतांचा उपासक. राजगृहाचे वेळुवन त्यानेच संघाला दान दिले. पुत्र अजातशत्रूने राज्यलोभापायी त्याला बंदिवासात टाकून त्याचा अंत घडविला. पुढे अस्वस्थ झालेला अजातशत्रू तथागतांपुढे आला आणि त्याने आपला अपराध कबूल केला. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात हा प्रसंग आहे. तथागतांनी त्याची कबुली स्वीकारली. मात्र तो निघून गेल्यावर, याने पित्याची हत्या केली नसती तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभले असते, असे भिक्खूंना सांगितले. कबुलीला धम्मात स्थान आहे, पण कबुलीने कृत्य पुसले जात नाही.

श्रीलंकेत रचलेला ‘महावंस’ पुढील हकिकत देतो. अजातशत्रूला त्याच्या मुलाने मारले, त्याला त्याच्या मुलाने. पितृहत्येची ही साखळी नागदासकापर्यंत चालली. अखेर संतप्त नागरिकांनी त्या घराण्यालाच दूर सारून सुसुनाग नावाच्या अमात्याला गादीवर बसविले. पुराणांतील वंशावळी याहून वेगळ्या आहेत. तरीही ग्रंथकाराला जे सांगावयाचे आहे ते उघड आहे. खुनाने सत्ता मिळू शकते हे एकाने दाखवून दिले की तोच मार्ग पुढच्याला राजमार्ग वाटू लागतो.

कोलंबो, २५ सप्टेंबर १९५९

ज्या भूमीत ‘महावंस’ लिहिला गेला, त्याच भूमीतील एक अर्वाचीन घटना आता पाहू. १९५० साली बाबासाहेब तेथे जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले होते. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्याच वर्षी श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके पंतप्रधान झाले. ख्रिस्ती कुटुंबात जन्मून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या या नेत्याच्या विजयासाठी शेकडो भिक्खू प्रचारात उतरले होते. त्यांच्या आघाडीवर होता केलानियाच्या विख्यात विहाराचा प्रमुख, मापिटिगामा बुद्धरक्खित.

सिंहली हीच एकमेव राजभाषा, असा कायदा १९५६ साली झाला. तमिळ भाषकांमध्ये असंतोष उसळला. १९५७ साली बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून तडजोडीचा मार्ग काढला. परंतु एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी त्यांच्या निवासस्थानापुढे ठाण मांडले आणि तो करार त्यांना रद्द करावा लागला. पुढच्याच महिन्यात भीषण दंगली उसळल्या. शब्दाने सोडवावयाचा प्रश्न दडपणाने सुटतो, हे लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. गोळी दीड वर्षानंतर सुटली. पण विचारविनिमयाची वाट त्या दिवशीच अरुंद झाली होती.

२५ सप्टेंबर १९५९ च्या सकाळी पंतप्रधान आपल्या घराच्या व्हरांड्यात अभ्यागतांना भेटत होते. तल्दुवे सोमाराम नावाचा भिक्खू तेथे बसला होता. पंतप्रधानांनी रिवाजानुसार त्याला वंदन केले आणि त्याने चीवरात दडविलेले पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी बंडारनायके यांचे निधन झाले. कटाचा सूत्रधार बुद्धरक्खित ठरला. धर्मरक्षणाचे नाव घेणाऱ्या या गृहस्थाचे व्यापारी हितसंबंध सरकारकडून पुरे झाले नव्हते, असे खटल्यात पुढे आले. ज्याला निवडून आणले, तो आपल्या मुठीत राहिला नाही, हाच त्याचा अपराध!

दोन कायदे

विनयपिटकात चार पाराजिक सांगितले आहेत. त्यांतील तिसरा मनुष्यहत्येचा. जो भिक्खू जाणूनबुजून माणसाला मारतो, किंवा दुसऱ्याकरवी मारवितो, तो संघात राहत नाही. म्हणजे गोळी झाडणारा आणि ती झाडविणारा, दोघेही न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच विनयाच्या दृष्टीने भिक्खू उरले नव्हते. हत्येची कबुली आपल्या परंपरेने द्यावयाची आहे, तसाच तिच्याविरुद्धचा हा अडीच हजार वर्षांचा नियमही आपल्याच परंपरेचा आहे.

दुसरा कायदा राज्याचा. बंडारनायके यांच्याच सरकारने १९५८ साली देहदंड स्थगित केला होता. त्यांच्या हत्येनंतर ती स्थगिती उठविण्यात आली आणि आधी घडलेल्या या गुन्ह्यालाही नवी तरतूद लागू करण्यात आली. ६ जुलै १९६२ रोजी सोमारामला फाशी झाली; कटाबद्दल दोषी ठरलेल्या बुद्धरक्खितासह दोघांचा देहदंड मात्र अपिलात जन्मठेपेवर आला. गुन्हेगारास शिक्षा व्हावयासच हवी होती. पण त्या शिक्षेसाठी गुन्ह्यानंतर कायदा बदलावा, हेही राजकीय हत्येचेच एक फळ होय. ती एका माणसाचा जीव घेते आणि उरलेल्या समाजाचा संयम.

मृत्युशय्येवरील बंडारनायके यांनी मात्र तो संयम सोडला नाही. मारेकऱ्याविषयी करुणा बाळगा, सूड घेऊ नका, असा त्यांचा संदेश होता. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात अनेक निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, हे स्मरले म्हणजे या संदेशाचे मोल कळते. एकाच्या अपराधासाठी त्याच्या जातीला शिक्षा करणे हे जातिव्यवस्थेचेच तर्कशास्त्र आहे. जातिअंताची भाषा बोलणाऱ्यास ते वर्ज्य असले पाहिजे.

आमचे कर्तव्य

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला बजावले की, सामाजिक व आर्थिक उद्दिष्टे साधण्यासाठी रक्तरंजित मार्ग सोडून संवैधानिक मार्गच धरावा लागेल. त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजेचा धोकाही त्यांनी दाखविला. या दोन इशाऱ्यांचे नाते आम्हांस महत्त्वाचे वाटते. ज्याला देव्हाऱ्यात बसवितो, तो इच्छेप्रमाणे वागला नाही की भक्ताचे रूपांतर शत्रूत होण्यास वेळ लागत नाही. बुद्धरक्खिताची कथा याहून निराळी नाही.

म्हणून बृहद्रथाच्या धड्यानंतर बंडारनायके यांचा धडाही शिकविला जावा, असे आम्हांस वाटते. आपल्या वसतिगृहातील मुले दररोज पंचशील ग्रहण करतात. त्यांतील पहिल्या शिलात राजा, विरोधक किंवा विश्वासघातकी मित्र यांच्यासाठी अपवाद ठेवलेला नाही. आणि चीवर धारण करणाऱ्यासाठी तर मुळीच नाही. ही मुले उद्या मतदार होतील, काही पुढारी होतील. पराभव पचविणे, मतभेद शब्दांत मांडणे आणि आपल्या माणसाचा गुन्हा हा गुन्हाच म्हणणे, एवढे जरी ती येथून शिकून गेली, तरी या विद्यालयाच्या स्थापनेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जय भीम!