ढोबळीचा तोडा देवदिवाळीला

खडोलीला भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला, पाणी न साचणाऱ्या तुकड्यावर मी ढोबळी मिरची घेतो. शरदाच्या तोड्यासाठी वाण निवडताना मला जे उमगलं ते असं.

१. आधी रात्र बघा, मग फळ. रात्री १६ ते २० अंश असले की ढोबळी फळ छान धरते. रात्रीचा पारा २४ च्या वर राहिला की फुलं गळतात. आपल्याकडे पाऊस परतला की ऑक्टोबरचा उकाडा नेमका कळ्यांच्या वेळी गाठतो. म्हणून बियाण्याच्या दुकानात पहिला प्रश्न ‘उकाड्यात फळ धरतं का?’ हाच विचारावा. पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नये.

२. दिवस उलटे मोजा. रोप ३५ ते ४० दिवसांचं होतं. लावणीपासून हिरवा माल साधारण ६५ ते ७५ दिवसांत निघतो. लाल-पिवळा रंग चढायला आणखी तीन-चार आठवडे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आडोशाला ट्रेमध्ये बी टाकलं, तर सप्टेंबरच्या मध्यावर लावण होते आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तोडा सुरू होतो. उघड्या रानात दिवाळी गाठायचा हट्ट धरला तर रोपं श्रावणसरींत सापडतात. रंगीत वाणं पॉलिहाऊसवाल्यांनी घ्यावीत. उघड्यावर हिरवीच बरी.

३. जमिनीचा इतिहास विचारा. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ज्या रानात आधी वांगी-टोमॅटो होते आणि हिरवीगार झाडं एकाएकी माना टाकत होती, तिथे जिवाणूजन्य मर दडलेली असते. कोमेजलेल्या झाडाचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. कापातून दुधासारखी धार उतरली तर समजा तीच. अशा रानासाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का गौरव’ मला भरवशाचं वाटतं. ते मर सोसतं, फळ १३० ते १५० ग्रॅमचं, पिकल्यावर नारिंगी-पिवळं. त्याच संस्थेचं ‘अर्का मोहिनी’ जास्त भरतं, १८० ते २०० ग्रॅमपर्यंत, पण ते मी निरोगी जमिनीतच लावतो. १९२८ पासूनचं ‘कॅलिफोर्निया वंडर’ देखणं, जाड सालीचं. थंड गावांना शोभतं. आपल्या ऑक्टोबरात त्याची फुलं टिकत नाहीत. आणि वाण कुठलंही असो, गादीवाफा उंच हवाच, कारण परतीचा पाऊस पाणी साचवून जातो.

४. पानांची छत्री दाट हवी. आभाळ निवळल्यावरच्या उन्हात उघडं फळ पांढरं पडून डागतं आणि त्या डागावर बुरशी चढते.

५. वापीचा व्यापारी चार कप्प्यांचं, गर्द हिरवं फळ मागतो. बारीक, फिकट माल चवीला कितीही चांगला असला तरी भाव मिळत नाही.

यंदा दोन वाणं शेजारशेजारच्या वाफ्यांत लावा, पहिलं फळ कधी धरलं ते लिहून ठेवा, आणि बियाण्याचं पाकीट व बिल तोडा संपेपर्यंत टाकू नका.