साथीच्या काळातील नवा विद्यार्थी आणि त्याचे कुटुंब

विद्यापीठात प्रवेश करणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन प्रकारचे शिक्षण घेत असतो. एक अभ्यासक्रमात छापलेले असते. दुसरे कोठेच लिहिलेले नसते. स्वतःचा वेळ स्वतः आखणे, अनोळखी सहाध्यायांशी स्नेह जोडणे, प्राध्यापकांस शंका विचारण्याचे धैर्य करणे, हे सारे त्या दुसऱ्या शिक्षणात मोडते. २०२० साली कोविड-१९च्या महासाथीने नेमके हेच शिक्षण बंद पाडले.

त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षा सप्टेंबरपर्यंत लांबल्या, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पहिल्या वर्षाच्या वर्गांसाठी १ नोव्हेंबर ही तारीख ठरविली. शाळा सुटली होती आणि महाविद्यालय सुरू झाले नव्हते. पुढे वर्ग भरले तेही बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या पडद्यावर. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय सुमारे २४ टक्के, तर संगणक सुमारे ११ टक्के कुटुंबांतच आढळला होता. एकाच मोबाइलवर वडिलांचे काम, धाकटीची शाळा आणि थोरल्याचे महाविद्यालय चालवावयाचे, ही अनेक घरांची स्थिती होती.

अशी वेळ पुन्हा आल्यास कुटुंबाने काय करावे? पैशाची मदत सर्वांस सुचते. मोकळीक द्यावी हे मात्र सहसा सुचत नाही. स्वतंत्र खोली नसली तरी घरातील एक कोपरा आणि दिवसाचे काही तास त्या विद्यार्थ्याचे आहेत, हे सर्वांनी मान्य करावे. तास चालू असता त्याला दळण आणावयास धाडू नये. मुलींच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे. घरी असलेली मुलगी म्हणजे रिकामी मुलगी, असे आपण नकळत धरून चालतो.

झोपेविषयी बराच गैरसमज आहे. सतरा-अठराव्या वर्षी शरीरातील घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेले असते. झोपेची वेळ झाल्याची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक प्रौढांच्या मानाने रात्री उशिरा स्रवू लागते. हे घड्याळ ताळ्यावर आणण्याचे मोठे काम सकाळचा सूर्यप्रकाश करतो. दिवसभर घरात कोंडलेल्या, रात्री पडद्याच्या उजेडात बसणाऱ्या मुलास तो मिळत नाही. तेव्हा उशिरा उठणे हा सर्वस्वी आळस नव्हे. रागावण्यापेक्षा त्याला सकाळी अर्धा तास गच्चीवर वा अंगणात नेणे अधिक गुणकारी ठरते.

न्यूटनचा दाखला या संदर्भात हमखास दिला जातो: प्लेगमुळे केंब्रिज सोडून तो घरी बसला आणि थोर शोध लावले! पण १६६५ साली विद्यापीठ बंद होण्यापूर्वीच त्याने पदवी घेतलेली होती. नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मुलापुढे हे उदाहरण ठेवणे अन्यायाचे आहे.

दररोज एकदा तरी मुलाशी अभ्यासाखेरीज अन्य विषयावर बोलावे. उदासी, झोप वा भूक यांत मोठा बदल, आवडत्या गोष्टींविषयी विरक्ती ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानी आल्यास एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते, आणि चिंतेत पडलेल्या पालकांनाही तेथे सल्ला मिळतो.