निळ्या फुलांचा शोभेचा कांदा

कांद्याचे बियाणे धरलेल्या शेतात माघाच्या सुमारास पांढरे गोंडे वाऱ्यावर डोलू लागतात. पोकळ दांडा, त्याच्या टोकाशी पातळ पापुद्र्यातून बाहेर पडलेली शेकडो इवली फुले आणि त्यांवर घोंघावणाऱ्या मधमाश्या हे दृश्य नाशिक जिल्ह्यातील वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. असाच, पण आकाराने लहान आणि रंगाने आकाशासारखा निळा गोंडा धरणारी एक वनस्पती मध्य आशियात आढळते. वनस्पतिशास्त्रात तिला ‘ॲलियम सेरुलियम’ म्हणतात. कांदा, लसूण ही पिके ज्या ॲलियम प्रजातीत मोडतात, तिच्या नऊशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. परंतु खरा निळा रंग त्यांतील मोजक्याच जातींना लाभला आहे. विशेष असे, की व्यवहारात हिला कांदा म्हटले जात असले तरी वर्गीकरणात ती कांद्यापेक्षा लसणाला अधिक जवळची आहे.

कझाकस्तान, दक्षिण सैबेरिया आणि चीनचा सिंक्यांग प्रांत येथील गवताळ व कोरडी भूमी हे तिचे माहेर. रशियाच्या सेवेतील निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास यांनी १७७३ मध्ये तिचे नामकरण केले. काही विक्रेते आजही तिला ‘ॲलियम अझ्युरियम’ या जुन्या नावाने विकतात. दोन्ही नावांचा रोख निळ्या रंगाकडेच आहे.

या वनस्पतीचा कंद सुपारीएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. शरद ऋतूत तो मुळे धरतो, कडाक्याच्या थंडीत बर्फाखाली राहतो, वसंतात अरुंद पाती काढतो आणि जूनच्या आसपास एक ते दोन फूट उंचीच्या दांड्यावर तीन-चार सेंटिमीटर व्यासाचा गोंडा धरतो. फुले उमलतात तोवर पाती वाळू लागलेली असतात. पुढे पाऊस नसलेल्या उन्हाळ्यात कंद जमिनीत स्वस्थ पडून राहतो. लागवडीचे सारे नियम या वर्षक्रमातून निघतात. कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पूर्ण उन्हाच्या जागी, आठ ते दहा सेंटिमीटर खोल लावावेत. जमीन रेताड, पाण्याचा झटकन निचरा होणारी असावी; भारी खताची गरज नाही. एकेकटा कंद उठून दिसत नाही, म्हणून वीस-पंचवीस कंद जवळजवळ लावतात आणि वाळती पाती झाकली जावीत यासाठी भोवती बुटकी झाडे ठेवतात. पाती पिवळी पडली म्हणून कापू नयेत, कारण पुढील वर्षाचे अन्न त्यांच्याकडूनच कंदात उतरते. कंदाला बाजूने पिले फुटतात व त्यांतून अभिवृद्धी होते. बियांपासूनही रोपे होतात; मात्र फुलासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते.

युरोपातील उद्यानांत ही वनस्पती वाफ्यांच्या शोभेसाठी लावतात, तिचे दांडे फुलदाणीसाठी कापतात आणि वाळलेले गोंडेही सजावटीस वापरतात. मधमाश्यांना ती प्रिय आहे. कांदा-लसणाप्रमाणेच ती गुरे व कुत्री यांना खाऊ घालू नये. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय होतो.

रंगीत माहितीपत्रके पाहून हे कंद शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बागेसाठी मागविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आमच्या मते महाराष्ट्रात तो खर्च करू नये. दांडा निघण्यासाठी थंडी लागते, हे आपल्या कांद्यालाही लागू आहे. खाण्याच्या पिकात ज्या डेंगळ्यांना आपण कंटाळतो, तेच बीजोत्पादनात हवे असतात आणि दोन्हींमागे थंडीच असते. परंतु आपल्या कांद्याला दख्खनचा हिवाळा पुरतो. गोठणबिंदूच्या खाली महिनोन् महिने राहणाऱ्या भूमीतील कंदाला तो पुरणार नाही. शीतपेटीत ठेवून कंदाला थंडी देता येईल, पण त्याच्या विश्रांतीच्या काळात कोसळणाऱ्या पावसाचे काय? ओल्या, उबदार मातीत निजलेला कंद कुजतो. ज्या हौशी माणसाला प्रयोग करायचाच असेल, त्याने तो दोन-चार कंदांवर, पावसाळ्यात आडोशाला ठेवता येईल अशा कुंडीत करावा.

काश्मीर खोऱ्यासारख्या थंड प्रदेशाची गोष्ट वेगळी. तेथे हिवाळा आणि कोरड्या उताराची जागा दोन्ही मिळू शकतात. हिमालयाच्या उंच कुरणांत तर ‘ॲलियम सिक्किमेन्स’ ही निळ्या फुलांची दुसरी जाती निसर्गतःच उगवते. तिला उन्हाळी पावसाचे वावडे नाही, पण उंचीवरील गारवा मात्र हवाच.

आपल्या शिक्षकांना गोंड्याचा पाठ देण्यासाठी परदेशी कंदाची आवश्यकता नाही. कार्तिकात स्वयंपाकघरातील चार-पाच निरोगी कांदे वाफ्यात लावावेत. फुले आली की मुलांना भिंग द्यावे. प्रत्येक फुलात परागकोश आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, हे त्यांना स्वतः पाहता येईल. एका गोंड्यावर फुले उमलण्यापूर्वी विरळ कापडाची पिशवी बांधावी व दुसरा मोकळा ठेवावा. बी धरल्यावर दोन्हींतील दाणे मोजावेत. ज्या गावात बीजोत्पादन होते, तेथे कांदा फुलावर असताना कीटकनाशक फवारल्यास मधमाश्या मरतात आणि बी कमी धरते; तेथील ग्रामसभेपुढे मुलांनी ही मोजणी जरूर ठेवावी.