जुन्या यंत्रांस नवी वाचा

बेळगावच्या उद्यमबागेतून सकाळी फेरफटका मारला, तर शेडाशेडांतून लेथ फिरत असल्याचा आवाज कानी येतो. यांतील पुष्कळ यंत्रे ती चालविणाऱ्या कारागिरांहून वयाने वडील आहेत. ती ठेवावीत की मोडीत घालावीत, हा प्रश्न आपल्या परिचयाच्या अनेक कुटुंबांपुढे आहे. मोठे गिऱ्हाईक आता नुसता माल मागत नाही. तो कोणत्या यंत्रावर, केव्हा आणि किती वेळात झाला, याची नोंदही मागते. नवे संगणकनियंत्रित यंत्र घ्यावे, तर घर गहाण पडण्याची वेळ. आम्ही शिक्षक आहो, कारखानदार नव्हे. परंतु आमचे विद्यार्थी याच शेडांत पोट भरतात, म्हणून हा छोटासा पाठ लिहीत आहो.

यंत्रविद्या आपल्या गावाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलींचे दुकान काढले, आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीस गेले. १९४१ साली हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली व तेथे लेथ तयार होऊ लागले. १९५३ साली बंगळुरात हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला. त्याचे लेथ मात्र कोठे कोठे अजून फिरत आहेत. जाड ओतीव लोखंडाचा बेड सहसा मोडत नाही; झिजला तर ग्राइंडिंग करून पुन्हा सरळ करता येतो. अशा यंत्राला बळाची वाण नाही. वाण आहे ती वाचेची. ते किती वेळ चालले आणि किती वेळ उभे राहिले, हे त्याला सांगता येत नाही.

ही वाचा कशी द्यावयाची? सर्वांत सोपी युक्ती मोटरीच्या तारेपासून सुरू होते. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे आपण शाळेत शिकलो. तारेभोवती एक लहान कडे अडकविले, म्हणजे त्या क्षेत्रावरून प्रवाह मोजता येतो. याला करंट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. यंत्राचा एकही स्क्रू काढावा लागत नाही. मात्र कडे एकाच फेजच्या तारेवर हवे. सगळ्या तारांची जुडी त्यात घातली, तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना मारतात आणि काटा हलतच नाही. हे काम मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमननेच करावे.

येथे एक मेख आहे. पुष्कळ लेथांवर मोटर सतत फिरते आणि चक क्लचने सुरू किंवा बंद होतो. शिवाय मोकळी फिरणारी मोटरही बराच प्रवाह घेते. म्हणून ‘मोटर चालू’ म्हणजे ‘काम चालू’ असे धरू नये. मोकळ्या फेऱ्यांचा आणि प्रत्यक्ष कापतानाचा प्रवाह काही दिवस पाहून मधली रेघ ठरवावी. मोजलेला आकडा एक छोटी पेटी वाय-फायवरून संगणकाकडे धाडते. त्यासाठी एमक्यूटीटी नावाची सुटसुटीत संदेशपद्धती पुष्कळदा वापरतात. ती १९९९ साली तेलवाहिन्यांसाठी, उपग्रहाच्या अशक्त दुव्यांवरून थोडक्यात निरोप जावा म्हणून रचली गेली.

आता हिशेब पाहू. समजा, पाळी ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची आहे. जेवणाची ३० मिनिटे वजा जाता ४५० उरली. नोंदीप्रमाणे यंत्राने २७० मिनिटे माल कापला. म्हणजे यंत्राचा उपयोग ६० टक्के झाला. उरलेली १८० मिनिटे कोठे गेली? पाठाचे मर्म या प्रश्नात आहे, कारण नोंद कितीही अचूक असली तरी कारण सांगत नाही. कारण माणसाला विचारावे लागते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या वडिलांच्या शेडमध्ये असे कडे बसविले. तेथले वृद्ध टर्नर त्या दिवशी जेवले नाहीत. “बाळ, माझ्यावर पहारा बसवलास काय?” एवढेच ते म्हणाले. मुलगा आमच्याकडे आला. आम्ही त्याला सुचविले, की यंत्राजवळ चार बटणे लाव: माल नाही, टूल नाही, माप तपासणे आहे, वीज नाही. यंत्र थांबले की त्यांनीच बटण दाबावे, आणि आठवड्याची नोंद दोघांनी मिळून वाचावी. महिनाभराने असे दिसले, की सर्वांत जास्त वेळ माप तपासण्याची वाट पाहण्यात गेला होता. पहिला नग तपासण्याचे गेज मालकाच्या कपाटात कुलूपबंद असे, आणि मालक गिऱ्हाइकांकडे फिरतीवर! मुलाने गेज टर्नरच्या स्वाधीन केले. ज्यांना आपल्यावर पहारा बसला असे वाटले होते, त्यांचीच बाजू नोंदीने मांडली.

दुसरी सावधगिरी जाळ्याची. यंत्र संगणकाला जोडले की संगणकाचे रोगही त्याला जडू शकतात. २०१८ साली तैवानातील टीएसएमसी या बलाढ्य चिप-कंपनीत नवे यंत्र बसविताना व्हायरस शिरला आणि अनेक यंत्रे थांबली. तेव्हा यंत्रांचे जाळे कार्यालयाच्या व घरच्या इंटरनेटपासून वेगळे ठेवावे, आणि कोणाचाही पेनड्राइव्ह न तपासता लावू नये.

सारांश, आधी एकाच यंत्रावर प्रयोग करावा, आणि कडे बसविण्यापूर्वी ते कशासाठी, हे कारागिराला सांगावे. नोंदीच्या आधारे पहिल्याच महिन्यात कोणाचा पगार कापला, तर दुसऱ्या महिन्यापासून बटणे खोटी दाबली जातील, आणि सगळा खर्च पाण्यात जाईल. यंत्राला वाचा द्यावी, पण ती ऐकताना त्याच्याजवळ तीस वर्षे उभ्या असलेल्या माणसाचेही ऐकावे, एवढेच आमचे सांगणे आहे.