जखम भरली, पण बोटे बधिर? वेळ घालवू नका

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर भागातल्या फडांत कोयते चालू लागतात. गोठ्यात कडबाकुट्टी असतेच. एक वार चुकतो आणि मनगट कापते. टाके पडतात, जखम भरते. पण बोटांना स्पर्श कळत नाही, बटण लावता येत नाही. ‘येईल हळूहळू’ म्हणत आपण थांबतो. इथेच हात अधू होतो.

आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. पण मज्जातंतू रक्त नेत नाही. तो मेंदूचा निरोप बोटांपर्यंत नेतो आणि बोटांचा स्पर्श मेंदूला कळवतो. तो तुटला असेल तर नुसती कातडी शिवून भागत नाही.

कसे ओळखावे? जखमी माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही हातांच्या बोटांना कापूस लावून विचारा, सारखेच कळते का? अंगठा, तर्जनी, मधले बोट किंवा करंगळी बधिर वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

उपचार काय? तुटलेली टोके ताण न देता जुळत असतील, तर सर्जन ती सूक्ष्मदर्शकाखाली थेट शिवतात. मध्ये थोडे अंतर पडले असेल, तर विरघळणारी बारीक नळी वापरता येते. दोन्ही टोके नळीत बसवतात. आत तंतू वाढायला वाट मिळते, बाहेरचा व्रण आत शिरत नाही. नळी कोलॅजनची किंवा विरघळणाऱ्या टाक्यांच्याच पदार्थाची असते. काम झाल्यावर ती शरीरातच जिरते. मात्र ती साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरासाठी. अंतर मोठे किंवा मज्जातंतू जाड असेल, तर बहुधा पायातला मज्जातंतू काढून जोडतात.

धीर हवा. तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 18 सेंटिमीटर धरले, तर सहा महिने लागतात. तोवर व्यायाम सोडू नका. बधिर हाताने तव्यावरची भाकरी उलटू नका. चटका बसला तरी कळणार नाही. उलट, वर्ष-दीड वर्ष उपचारच झाला नाही, तर स्नायू कायमचे वाळतात.

काय करावे? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, तंबाखू भरू नका. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा पुण्याला ससूनला जा. आधारकार्ड, रेशनकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. विचारायला संकोच कसला? ज्या हातावर घर चालते, तो हात आहे.